गिरणीच्या इंजिनाची स्प्रिंग

आंधळगाव, ता. मोहाडी
दि. १४ ऑक्टोबर १९७८

चि. श्रावणास,

तुझ्या थोरल्या बहिणीचे, बाईचे मन भरून आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र दसऱ्याच्या आदल्या दिवशी पोचले. पोस्टमनने पाकिटावरचे ‘गंगाभागीरथी’ दारातच मोठ्याने वाचले आणि मग स्वतःच ओशाळला. यांना जाऊन चार महिने झाले तरी तो शब्द मला दुसऱ्या कोणाचा वाटतो. यापुढे पाकिटावर नुसते गोदावरीबाई तेजराम लिहीत जा. माझ्या नावात एक नदी आहे, तेवढी पुरे.

येथील क्षेम आहे. हलके धान कापायला आले. आता गिरणीचे सांगते. यांच्यामागे इंजिनाला कोणाचा हात लागला नव्हता. नवे धान घरात येण्याआधी चालवून पाहावे म्हणून मी सोमाजी लोहाराला बोलावले. इंजिन सुरू झाले, पण धान भरडायच्या हुलरचा पट्टा चढवला की धापा टाकू लागायचे आणि धुराच्या नळीतून फटाके वाजायचे. सोमाजीने वरचे डोके उघडले. जळलेला धूर बाहेर सोडतो त्या व्हॉल्व्हची स्प्रिंग नरम पडली आहे, व्हॉल्व्ह वेळेवर मिटत नाही, असे त्याचे म्हणणे. आपल्या इंजिनाची कंपनी कधीच बुडाली, त्यामुळे ती स्प्रिंग भंडाऱ्यात नाही, नागपुरातही नाही.

मग सोमाजीने ट्रकच्या सीटमधली एक जुनी स्प्रिंग भट्टीत लाल करून सरळ केली आणि गजावर गुंडाळून नवी केली. ती थोडा वेळ चालली. मग एका बाजूला कलली आणि व्हॉल्व्ह तिरपा होऊन अडकला. सोमाजी म्हणे, बाई, मी विळ्या-खुरप्याचा माणूस. हे इस्प्रिंग म्हंजे दंडारीतला नाच्या हाय, पाय एका जागी ठेवतच नाही.

माझे दीर खुशालभाऊ तेव्हा तिथेच उभे होते. म्हणाले, वहिनी, इंजिन मेलं, आता त्याले कायले राखत बसता? शेड मले द्या, मी खत ठेवतो, तुमच्या ताटात काही कमी पडू देणार नाही. माणूस वाईट नाही, हे तुला आधीच लिहून ठेवते. पण दुसऱ्याने वाढलेल्या ताटावर बसून उरलेले दिवस काढायची माझी तयारी नाही. शेडची जागा दोघा भावांची आहे, म्हणून त्यांच्याशी एवढे ठरवले की संक्रांतीपर्यंत इंजिन धान काढू लागले तर शेड माझ्याकडे, नाहीतर त्यांच्याकडे.

तू स्प्रिंगच्या कारखान्यात इतकी वर्षे आहेस. स्प्रिंग काम कशी करते ते सोमाजीला समजेल असे लिही, म्हणजे मलाही समजेल.

माया आहे तशीच असू दे.

तुझी बाई

---

चिंचवड, पुणे
दि. २५ ऑक्टोबर १९७८

तीर्थस्वरूप बाईस,

धाकट्याचा पायांवर माथा. वि. वि.

नदीचे वाचून ललिता हसली आणि मग डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली. पाकीट तू सांगितलेस तसे लिहिले आहे. तिला दिवस गेले आहेत, फाल्गुनात वेळ आहे. हे तुला पत्रातून कळवावे लागते याचेच वाईट वाटते.

स्प्रिंगचे सांगतो. सगळ्यांना वाटते की दाबली की तिची तार वाकते. तसे नाही. तार आपल्याच अंगात पिळली जाते. ओले लुगडे पिळतेस ना, तसा पीळ तारेला पडतो आणि तो सोडवण्यासाठी स्प्रिंग परत उठते. तार जाड तेवढी स्प्रिंग ताठ. वेटोळी जास्त किंवा रुंद असली तर नरम. सोमाजीने तार लाल केली तेव्हाच तिचा पीळ सोडवायचा गुण गेला. पुन्हा पाणी देऊन कडक केली नाही तर ती नुसती गुंडाळलेली तार राहते.

ती कलली ते मात्र टोकांमुळे. तार संपली तिथे तोडली आणि तशीच सोडली, ते मोकळे टोक. अशी स्प्रिंग तारेच्या अणीवर उभी राहते, एका पायावर उभ्या माणसासारखी, आणि दाब आला की तोल जातो. ते मोकळे टोक घासून सपाट करतात तेव्हा थोडे बरे बसते, पण पक्के नाही. शेवटचे वेटोळे पुढच्या वेटोळ्याला चिकटवून निजवले की ते मिटलेले टोक. हे सरळ उभे राहते, पण बूड गोल तारेचेच. मिटवून वर दगडावर घासून सपाट केले तर ते परातीसारखे सगळ्या बुडाने बसते आणि जोर सरळ वर जातो. व्हॉल्व्हला हेच लागते. ती दोन टोकांची वेटोळी मिटलेली असल्यामुळे दाबण्या-उठण्यात भाग घेत नाहीत, नुसते बूड धरतात. मोजताना आम्ही ती सोडून बाकीची कामाची धरतो.

जुनी स्प्रिंग फडक्यात शिवून पाठव. नमुना हातात आला की तशीच करून देतो, मालकांची परवानगी घेतली आहे. पण बाई, मनातले लिहितो. इंजिन राहू दे. तू इकडे ये. आमची खोली लहान आहे, माणसे लहान नाहीत.

लोभ ठेव, आणि नाही ठेवलास तर मी भांडायला येईन.

तुझा श्रावण

---

आंधळगाव
दि. ६ नोव्हेंबर १९७८

चि. श्रावणास,

बाईचे भरभरून आशीर्वाद, आणि ललिताला दुप्पट. वि. वि.

ललिताचे वाचून दिवाळी झाली. तिला जड उचलू देऊ नकोस. मेथीचे लाडू पाठवते, पण ते बाळंतपणानंतर खायचे आहेत, तू आधीच संपवशील म्हणून लिहिते.

तुझे पत्र मी सोमाजीला वाचून दाखवले. लुगड्याचा पीळ त्याला लगेच कळला. म्हणाला, मंग असं सांगा नं, मी तं तिले वाकवून राहिलो होतो. टोकांची वेटोळी काम करत नाहीत, नुसते बूड धरतात, हे वाचून मला आमच्या घरातले दोघे-तिघे आठवले. नावे लिहीत नाही, पत्रे इथे वाटेत वाचली जातात.

स्प्रिंग काढून खादीच्या तुकड्यात शिवून पार्सलने पाठवली आहे. यांनी बसवलेली होती ती. काढताना सोमाजीने विचारले, तुम्ही बाहेर थांबता काय. मी म्हटले, नाही, पान्हा दे.

शेजारची रुखमा आणि आणखी बायका धान घेऊन मोहाडीच्या गिरणीला जात आहेत. जायला बैलगाडी, यायला रात्र, आणि तिथला हुलर तांदळाची कनकी, नुसता चुरा, करून देतो. रुखमा रोज कुंपणावरून विचारते, गोदाबाई, तुही इस्प्रिंग आली काय? आता तर तिची पोरेसुद्धा येताजाता विचारतात.

तिकडे येण्याबद्दल आत्ता लिहीत नाही.

जीव लावून राहा.

तुझी बाई

---

चिंचवड
दि. २४ नोव्हेंबर १९७८

तीर्थस्वरूप बाईस,

श्रावणाचे वाकून नमन. वि. वि.

सोबत स्प्रिंग आहे. जुनीही परत ठेवली आहे. ही मी स्वतः मशीनवर गुंडाळली, तारेची जाडी जुळवली, वेटोळी मोजली, टोके मिटवली आणि घासून इतकी सपाट केली की काचेवर ठेवली तर खालून कागद जात नाही. उंची नमुन्याइतकीच, केसाचा फरक नाही. आमच्या कारखान्याचा एकच धर्म आहे. नमुना आला की तो देव, त्याच्यासारखेच करायचे, आपली अक्कल घालायची नाही. साहेबांनी हातात घेऊन पाहिली आणि तुमच्या बहिणीचे इंजिन आता तुमच्यापेक्षा जास्त काम करील म्हणाले.

ललिता बरी आहे. तिची आई येऊ शकत नाही, त्यांचे गुडघे धरलेत. त्यामुळे घरात मोठे माणूस हवे असे ती रोज म्हणते, माझ्याकडे न बघता.

कृपा असू दे, बारकीशी का होईना.

तुझा श्रावण

---

आंधळगाव
दि. ८ डिसेंबर १९७८

चि. श्रावणास,

आशीर्वाद. वि. वि.

स्प्रिंग मिळाली. इतकी देखणी वस्तू या शेडमध्ये पहिल्यांदाच आली. सोमाजीने बसवली, सरळ बसली, कलत नाही, व्हॉल्व्ह अडकत नाही. इंजिन नुसते चालले तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग पट्टा चढवला आणि पुन्हा तेच, धापा आणि फटाके. दोन पायल्या धानसुद्धा निघाले नाही. रुखमा आपले पोते परत गाडीत टाकताना म्हणाली, पुण्याची इस्प्रिंग पुण्यावाल्यासारखीच, दिसाले सुंदर अन् वजन उचलाले नाही म्हणते. तिला वाईट वाटले म्हणूनच ती असे बोलली.

 दुसऱ्या दिवशी खुशालभाऊ शेडची लांबीरुंदी दोरीने मोजत होते. मला पाहून, पत्रे गळतात काय ते पाहत होतो, असे म्हणाले. दोरीने पत्र्यांची गळती कशी कळते ते मी विचारले नाही.

काय चुकले ते लिही.

तुझी बाई

---

चिंचवड
दि. १७ डिसेंबर १९७८

बाईस नमस्कार. वि. वि.

माझ्या स्प्रिंगमध्ये चूक नाही. तुझी जुनी आणि माझी नवी, दोन्ही एकाच मापाने मापल्या होत्या. बसवताना काही झाले असेल, नाहीतर इंजिनच म्हातारे झाले.

ते विकून टाक. इथे मी खोलीत लाकडी आडोसा करून घेतला आहे, तुझ्या पेटीसाठी फळीही मारली. बाई, रागावू नकोस, पण लिहितोच. तुला स्प्रिंग नको आहे, तुला तेजरामभाऊजी हवे आहेत. ते मला गुंडाळून देता येत नाहीत.

उत्तर दे, मग ते रागाचे असले तरी चालेल.

श्रावण

---

आंधळगाव
दि. २४ डिसेंबर १९७८

चि. श्रावणास,

आशीर्वाद, रागाचे नाहीत. वि. वि.

तुझे पत्र मी दोनदा वाचले आणि चुलीवर भात ठेवून तिसऱ्यांदा वाचले, भात लागला. तू लिहिलेस ते खरे आहे. मला ते हवे आहेतच. सकाळी चहाला दोन कप काढते आणि एक परत ठेवते. पण यांना मी कोणाकडे मागितलेले नाही. तुझ्याकडे मी स्प्रिंग मागितली, कारण मला धान काढायचे आहे. या दोन गोष्टी एकीत एक घालू नकोस. यांच्यासाठी रडायला मला शेड लागत नाही.

आता कामाचे. तुझे पत्र आल्यावर मी सोमाजीला हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हचीही स्प्रिंग काढायला लावली. तो म्हणाला, चांगली चालून राहिली, तिले काहून छेडता. मी म्हटले, चांगली चालते म्हणूनच. या दोन्ही यांनी एकाच पुडीतून काढून एकाच दिवशी बसवल्या होत्या. मी तेव्हा खाली बसून पान्हे देत होते, आणि यांनी मला सांगितले होते की कोणती कुठेही बसव, दोघी सारख्या आहेत.

मी फरशी धुऊन पुसली आणि तीन स्प्रिंगा शेजारी उभ्या केल्या. हवेची, धुराची जुनी आणि तू केलेली नवी. तुझी आणि धुराची जुनी अगदी बरोबरीच्या, तू लिहिलेस तेच खरे. पण हवेची त्या दोघींपेक्षा बोटाच्या पेरभर उंच. वर उलथने आडवे ठेवले तर घसरून सोमाजीच्या पायावर पडले.

श्रावण, सारख्या होत्या तर एक बुटकी कशी झाली? धुराचा व्हॉल्व्ह तापतो, हवेचा थंड राहतो. इतकी वर्षे तापून आणि दबून ती खचली. ती खचली म्हणूनच इंजिन दमले. आणि मी तुला तीच खचलेली नमुना म्हणून पाठवली, आणि तू नमुना देव मानून नवी कोरी खचलेली करून दिलीस. यात तुझ्या हाताची चूक नाही. नमुना किती वर्षे राबला आहे हे तू विचारले नाहीस आणि मलाही सांगायचे सुचले नाही.

पाकिटात बांबूची कामटी ठेवली आहे. ती हवेच्या स्प्रिंगच्या उंचीची कापली आहे. तिच्या मापाची एक करून पाठव. संक्रांत जवळ आली.

आडोशाची फळी काढू नकोस. पेटी येईल, पण माझ्या सवडीने.

भावाची माया पातळ होऊ देऊ नकोस, मीही होऊ देत नाही.

तुझी बाई

---

चिंचवड
दि. ३ जानेवारी १९७९

तीर्थस्वरूप बाईस,

या वेळी खरोखर पायांवर डोके ठेवून. वि. वि.

कामटी घेऊन मी साहेबांकडे गेलो. त्यांनी ती बराच वेळ हातात फिरवली आणि मग शेजारच्या टेबलावर नमुन्यांचा ढीग होता त्याकडे पाहत राहिले. आता आमच्याकडे नमुना घेताना तो कुठे आणि किती चालला ते विचारतात. कोणी सुचवले ते कोणाला ठाऊक नाही, मी सांगितलेही नाही. लोक हसतील की श्रावणच्या बहिणीने उलथन्याने कारखाना मोजला.

हवेची स्प्रिंगही थोडी तरी खचली असणारच, म्हणून मी तुझ्या कामटीपेक्षा जरा उंच गुंडाळली. मग भट्टीत मंद भाजली. त्यानंतर शिकंज्यात घालून पार मिटेपर्यंत दाबली आणि सोडली, पुन्हा दाबली, पुन्हा सोडली. पहिल्या काही वेळा ती थोडी बुटकी होत जाते, मग थांबते. जे खचायचे ते इथेच खचून घेते, पुढे इंजिनात सहसा खचत नाही. टोके मिटवून घासलेली आहेत. अशा दोन पाठवत आहे, हवेचीही बदलून टाक. पार्सलवर विश्वास नाही, म्हणून भंडाऱ्याचे एक गृहस्थ सुट्टीवर निघाले आहेत त्यांच्या हाती देतो. ते १२ तारखेला भंडाऱ्याच्या एस.टी. स्टँडवर तुझी वाट पाहतील.

त्या पत्रातले ते वाक्य मी लिहायला नको होते. ललिताने वाचले असते तर पाठवूच दिले नसते.

रागावलीस तरी आपला म्हण.

तुझा श्रावण

---

आंधळगाव
दि. १५ जानेवारी १९७९

चि. श्रावणास आणि चि. सौ. ललितास,

दोघांना आणि येणाऱ्यालाही आशीर्वाद. वि. वि.

ते वाक्य मी ठेवून घेतले आहे. खरे बोलणारी माणसे मला आता थोडीच उरली आहेत, तू त्यातून जाऊ नकोस.

स्प्रिंगा भोगीच्या आदल्या दिवशी हातात आल्या. सोमाजीने भोगीला बसवल्या. त्याने हाताने दाबून पाहिली आणि म्हणाला, बाई, ही तं मलेच ढकलून राहिली. हँडल मी मारले. रुखमा दाब सोडायच्या दांडीपाशी उभी होती आणि डोळे मिटून देवाचे नाव घेत होती. मी तिला सांगितले, देवाचे नंतर घे, मी म्हणेन तेव्हा दांडी पाड. दोनदा हुकले, तिसऱ्यांदा लागले. खांदा अजून दुखतो. पट्टा चढवला आणि धान टाकले. इंजिनाचा सूर जरा खाली आला आणि तिथेच धरून राहिला. एकही फटाका नाही. तांदूळ अखंड पडला, कनकी अगदी थोडी.

संक्रांतीच्या सकाळी रांग लागली. बायका हळदीकुंकवाची लुगडी नेसून डोक्यावर धान घेऊन आल्या, म्हणजे वाटेतच काम उरकून पुढे वाणाला जाता येईल. मला वाणाचे बोलावणे नव्हते, त्यामुळे दिवसभर सवड होती.

खुशालभाऊ दुपारी आले. ठरल्या दिवशी आले, त्यात त्यांची चूक नाही. दारात उभे राहून काहीतरी बोलले, पण इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आले नाही. मी हाताने थांबा म्हटले. तेवढ्यात खालच्या पोत्याचे तोंड सुटले आणि तांदूळ जमिनीवर सांडू लागला. माझे दोन्ही हात वरच्या धानात, रुखमा चाळणीपाशी. खुशालभाऊंनी वाकून पोत्याचे तोंड धरले. धरले ते सोडता येईना, कारण ते पोते भरले की पुढची बाई लगेच आपले पोते त्यांच्या हाताखाली लावायची आणि म्हणायची, नीट धरा बापू, मागच्या वेळी सांडवलं तुम्ही. मागची वेळ कुठली, त्यांनी याआधी कधी पोत्याला हातसुद्धा लावला नव्हता. संध्याकाळी ते पागोट्यापासून पायापर्यंत कोंड्याने भुरके होऊन घरी गेले. जाताना एवढेच म्हणाले, वहिनी, उद्या आमचं धान घेऊन येतो, लवकर लावजा. शेडचे नाव निघाले नाही.

तिकडे येण्याचे आता लिहिते. कायमची येणार नाही. फाल्गुनाच्या सुरुवातीला ललितासाठी येते. तोवर धानाची गर्दी सरते. बाळ सव्वा महिन्याचे होईपर्यंत राहते. तोवर इंजिन सोमाजी आणि रुखमा पाहतील. रुखमा आतापासूनच इंजिनाला हाका मारून बोलते.

सगळ्या गेल्यावर मी इंजिन बंद केले. यांच्यामागे सात महिने शेडमध्ये जी शांतता होती ती बंद पडलेल्या इंजिनाची होती. काल ते मी माझ्या हाताने बंद केले. मग थोडा वेळ तिथेच पोत्यावर बसले. लोखंड गार होताना टिकटिक वाजते ते ऐकत होते, आणि आज सकाळी ते पुन्हा सुरू केले.

उभी आहे, काळजी नको. तुमची ओढ मात्र अशीच राहू द्या.

तुमची बाई,
गोदावरी